अण्णांचा कठडा आणि माझा तिसरा हात

२ फेब्रुवारी, रविवार

शुभारंभ. जिन्याचा जुना लाकडी कठडा सकाळी उखडून टाकला. डगमगत होता. माझे सासरे, म्हणजे अण्णा, वरच्या खोलीत राहतात. खुब्याचं ऑपरेशन झालंय. त्यांनी असल्या कठड्यावर भरवसा ठेवायचा आणि आपण बघत बसायचं, हे मला पटणारं नाही.

नवा कठडा लोखंडी. घडीव. विकतचा नाही. मी स्वतः घडवणार.

हिचं म्हणणं, आधी नवा होऊ दे, मग जुना काढा. हिला प्लॅनिंग कळत नाही. जुनं शिल्लक असलं की माणूस ढिला पडतो.

अण्णांना जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं करून शब्द दिला, पंधरा दिवस. त्यांनी खाली बघितलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. म्हणाले, "तोवर मी काय करू?" म्हटलं, आराम. ते म्हणाले, "आराम कधीपासून करतोच आहे, जावईबुवा. मला खाली यायचंय."

उत्साही माणूस. मला आवडतात.

५ फेब्रुवारी

ऑफिसात कठड्याचं ड्रॉइंग पूर्ण. सभेच्या इतिवृत्ताच्या मागच्या बाजूला काढलं. उभ्या गजांना खाली चपटे पाय, प्रत्येक पायाला दोन भोकं, भोकांतून स्क्रू थेट पायरीत. साधं, देखणं, मजबूत. साहेबांनी विचारलं हे काय. म्हटलं, स्ट्रक्चर. ते निघून गेले. बहुधा प्रभावित.

माझं वर्कशॉप तयारच आहे. घरातली रस्त्याकडची खोली. मोठी खिडकी, भरपूर उजेड, दार थेट रस्त्यावर. आधी अडगळ होती, मी तिचं सोनं केलं. कोपऱ्यात भट्टी. भात्याऐवजी हिचा केस वाळवायचा ड्रायर. मध्ये ओंडक्यावर ऐरण. बंद पडलेल्या कारखान्यातून मिळाली. चार माणसांनी आणून ठेवली तेव्हा फरशीला तडा गेला, तो आता दिसतही नाही. चामड्याचा एप्रनही आहे. पट्टे पाठीवर फुली मारून जातात आणि मागे बक्कल लागतं. ते हिच्याकडून लावून घ्यावं लागतं. सेफ्टी म्हणजे सेफ्टी.

८ फेब्रुवारी, शनिवार

एक तांत्रिक मुद्दा निघाला.

तापलेल्या पट्टीला भोक पाडायचं तर एका हातात सांडशी, म्हणजे पट्टी धरायला. दुसऱ्या हातात सुंबा, म्हणजे ज्याने भोक पडतं तो. आणि हातोडा? मी बराच वेळ उभा राहिलो. हातोडा दातांत धरून चालत नाही.

ही दारातून म्हणाली, "मी धरू का सांडशी?"

नको म्हटलं. प्रश्न हिच्या क्षमतेचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. आज सांडशी धरेल, उद्या हातोडा कसा मारायचा ते सांगेल. कारागीर एकटाच असतो. त्याला तिसरा हात लागतो, पण तो लोखंडी हवा. न बोलणारा.

पट्टी ऐरणीवर दाबून धरणारा क्लॅम्प! सुताराकडे असतो तसाच. त्यात थोडा बदल केला की झालं. उद्या दुपारपर्यंत तिसरा हात, संध्याकाळी भोकं.

९ फेब्रुवारी, रविवार

सुतारी क्लॅम्प आणला, पिळाचा. ऐरणीच्या कडेला बसवला, पट्टी खाली. अप्रतिम दिसत होतं. फोटो काढला.

अडचण एवढीच, की पट्टी लाल करून आणायची, ठेवायची आणि पीळ आवळायचा, तोवर ती गार. परत तापवायला काढायची तर पीळ उलटा फिरवा. तीन वेळा केलं. चौथ्यांदा न आवळता ठोकलं. पट्टी उडाली आणि खिडकीबाहेर गेली. रस्त्यात कुणी नव्हतं, हा नियोजनाचा भाग.

भट्टीत जुन्या कठड्याची लाकडं वापरतोय. वाळलेलं सागवान काय सुरेख जळतं! काहीच वाया जात नाही आपल्याकडे.

१० फेब्रुवारी

अण्णांना खाली यायचं होतं म्हणून शेजारच्या दोन तरुणांना बोलावून खुर्चीतून उतरवायची व्यवस्था केली. अर्ध्या जिन्यात अण्णा म्हणाले, "परत न्या." आम्ही थक्क. म्हणाले, "सामान नाही मी." परत नेलं.

वृद्धांचं मन सांभाळणं सोपं नाही. क्लॅम्पचं बघतोय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

क्लॅम्प क्रमांक दोन. हा पिळाचा नाही, पिस्तुलासारखा खटका दाबला की आवळतो. एका हाताने! वेळेचा प्रश्न निकालात.

खटका प्लास्टिकचा होता.

घरभर धूर. वरून अण्णांची काठी जमिनीवर आपटली. मी हातोडा ऐरणीवर दोनदा आपटला, म्हणजे सगळं ठीक. त्यांनी परत आपटली. मी परत. असं बराच वेळ चाललं. नंतर ही वर जाऊन आली, तेव्हा कळलं की त्यांना पाणी हवं होतं.

धडा: प्लास्टिक नको. पुढच्या शनिवारी नक्की.

१७ फेब्रुवारी

आज साडू येऊन गेला. नेमका पंधरा दिवस संपले त्या दिवशी. हा माणूस कॅलेंडर बघून येतो.

जिना बघितला. आधी जिना, मग मला बघितलं. म्हणाला, त्याच्या ओळखीचा एक रेडीमेड कठडेवाला आहे, अर्ध्या दिवसात बसवून देतो. मी हसलो. रेडीमेड आणि घडीव यातला फरक याला कोण समजावणार? ज्याच्या घरी भिंतीवरचं निसर्गचित्रसुद्धा स्टिकर आहे.

मग म्हणाला, महिनाअखेरपर्यंत कठडा झाला नाही तर एक तारखेला अण्णांना मी माझ्याकडे घेऊन जातो. अकरावा मजला, पण लिफ्ट आहे.

लिफ्ट आहे! लिफ्टमधून उतरून जाणार कुठे? खाली नुसती पार्किंगची फरशी.

ही म्हणाली, तोवर जुना कठडा परत ठोका. मी विषय बदलला. ही म्हणाली, कुठे ठेवलाय? मी म्हटलं, वापरात आहे. ही भट्टीकडे गेली, राखेकडे बघितलं, आणि राखेतला एक खिळा उचलून माझ्या हातावर ठेवला.

वर जाऊन अण्णांना विचारलं, साडूकडे जायचंय का. ते खिडकीशी बसले होते. तिथून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते, बाकी काही नाही. म्हणाले, "तिथे टीव्ही बंद करत नाहीत. माणूस बोलायला लागला की आवाज वाढवतात." मग म्हणाले, "पण तिथे दार तरी सपाट जमिनीवर उघडतं."

आता ही प्रतिष्ठेची लढाई आहे. म्हणजे अण्णांच्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी

झालं! झालं! झालं!

क्लॅम्प क्रमांक तीन. नुसता धरत नाही, दांडी दाबली की 'टक्' करून जबडा बंद, आणि कुलूप लागल्यासारखा पक्का. ऐरणीत एक चौकोनी भोक असतं, अवजारं बसवायला. वेल्डरकडून क्लॅम्पला खाली चौकोनी गज जोडून घेतला आणि तो त्या भोकात बसवला. नीट जात नव्हता, मी ठोकून घातला. पट्टी ठेवली, टक्, सुंबा, हातोडा.

भोक पडलं. आरपार. त्यातून हिच्याकडे बघितलं. म्हटलं, काय दिसतंय? ही म्हणाली, "तुमचा डोळा." पट्टी वर नेऊन अण्णांना दाखवली. त्यांनी फिरवून फिरवून बघितली. म्हणाले, "कडेला गेलंय." किंचित गेलंय. पण हातकामाची खूण हीच असते. मशीनचं भोक मधोमध असतं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी

क्लॅम्प जरा डावीकडे सरकवायचा आहे, म्हणजे भोक मधोमध येईल. पण तो ऐरणीच्या भोकातून निघत नाही. खालून ठोकला. तेल घातलं. उकळतं पाणी ओतलं. ऐरण हलली, क्लॅम्प नाही.

निर्णय: क्लॅम्प कायमस्वरूपी तिथेच राहील. बाकी सगळं त्याच्या सोयीने.

२३ फेब्रुवारी, रविवार

एकही भोक नाही. क्लॅम्पची उघडायची कळ काल ठोकताना थोडी वाकली आहे. जबडा बंद पटकन होतो, उघडताना मात्र पक्कड घेऊन झगडावं लागतं. मजबुतीचं लक्षण.

ही म्हणाली, अजूनही मी सांडशी धरते, आज दिवसभरात सगळी भोकं होतील. मी नुसता हात वर केला. तिसरा हात असताना चौथ्याची गरज काय?

२६ फेब्रुवारी

अण्णांची दाढी करायला न्हावी वर आला होता. अण्णा म्हणे त्याच्याशी गप्पच. एरवी न्हाव्याच्या दुकानात यांची मैफल जमायची. जन्मभर बसचे कंडक्टर, माणसांत वावरलेले. संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा म्हणाले, "आयुष्यभर लोकांना पुढे चला, पुढे चला सांगितलं. आता मलाच कुणीतरी सांगायला पाहिजे."

मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा.

"किती शनिवार असतात हो तुमच्याकडे?" असं म्हणून ते खिडकीकडे वळले. टाकी वाहत होती. आम्ही दोघं ती वाहताना बघत बसलो.

रात्री नीट झोप नाही. जेवण जड झालं असावं.

२७ फेब्रुवारी

उद्या रजा. उद्या सगळी भोकं, परवा बसवणी. साडू दारात आला की मी कठड्याला टेकून उभा असेन. सहज.

१ मार्च, शनिवार

काल काय झालं ते शांतपणे लिहितो, कारण आता घरात त्याच्या तीन वेगवेगळ्या हकिकती झाल्या आहेत आणि खरी माझी आहे.

दुपारी हिने एप्रनचं बक्कल लावलं आणि ती औषधं आणायला बाहेर गेली. रस्त्याकडचं दार मी आतून कडी घालून घेतलं. लोक उगाच डोकावतात. भट्टी लाल, ड्रायर सुरू, पट्टी तापली. ऐरणीवर ठेवली, खडूची खूण बघायला वाकलो आणि दांडी दाबली. टक्.

सरळ व्हायला गेलो तर होता येईना. पट्टीच्या सोबत एप्रनही जबड्यात. छातीवरचा भाग, चांगला मूठभर.

घाबरलो नाही. क्लॅम्पची उघडायची कळ दाबली. ती वाकलेलीच होती, तुटून खाली पडली. पक्कड फळीवर. कात्री फळीवर. फोनही फळीवर. फळी मीच बसवली आहे, हाताशी असावी म्हणून. बक्कल पाठीच्या मधोमध, तिथे माझे हात पोचत नाहीत. डोक्यावरून काढावा तर पट्टे खांद्यात रुतलेले. ऐरण ओढून बघितली. ती काय येते! पट्टीचं लाल टोक माझ्या हनुवटीपासून वीतभर. नाकावरचा घाम तिच्यावर पडून चर्र होत होता.

तेवढ्यात ड्रायरचा वास यायला लागला. त्याचं तोंड भट्टीत सरकलं होतं. मघाशी ओढाओढीत माझा पाय वायरीत अडकला असणार. प्लास्टिक मऊ होऊन खाली वाकत होतं, आणि त्याच्या शेजारीच कोळशाचं पोतं.

मी ओरडलो. नाही, मी आवाज दिला. हिला, शेजाऱ्यांना. मग नुसताच.

वरून काठी वाजली. "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही! तुम्ही वरच थांबा!"

"वास कसला येतोय?"

"अण्णा, जिन्याकडे येऊ नका! कठडा नाहीये!"

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले.

मग काठी खाली पडल्याचा आवाज. ती पायऱ्यांवरून घरंगळत तळाशी गेली. मला जिना दिसत नव्हता, दिसत होती फक्त ऐरण. मी नको नको म्हणत होतो आणि तिकडून घसटल्याचा आवाज येत होता. कापड लाकडावर घसटतं तसा. मग श्वास. मग अण्णांचा आवाज, हळू, स्वतःशीच, "पुढे चला." परत घसटा. "पुढे चला." मध्ये एकदा घसटा थांबला. मी हाक मारली. मी परत मारली. तेव्हा म्हणाले, "थांबा हो. घाई करू नका. बस थांब्यावर आहे."

ते बसून उतरत होते. एकेक पायरी, पाठ भिंतीला लावून.

मग काठीचा टकटक आवाज, आणि आतल्या दारात अण्णा. धोतराला सगळी धूळ. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. भिंतीपाशी जाऊन ड्रायरची वायर उपटली. काठीने पोतं लांब ढकललं. मग माझ्या मागे आले आणि बक्कल उघडलं.

मी एप्रनमधून बाहेर आलो. एप्रन ऐरणीला तसाच लोंबत राहिला. त्यांना काहीतरी म्हणावं असं फार मनात होतं. तोंडातून निघालं, "चहा घेणार?"

ते म्हणाले, "आधी बसू द्या."

त्यानंतर क्लॅम्पची तपासणी करताना माझा उजवा पाय ऐरणीला लागला. अण्णा सगळ्यांना सांगतात की मी लाथ मारली. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. अंगठ्याचं हाड मोडलं आहे. प्लॅस्टर.

२ मार्च, रविवार

साडू आला. कालच यायचा होता, पण पायाचं ऐकून आज आला. येताना अण्णांसाठी बॅगसुद्धा आणली होती.

मी वर, झोपायच्या खोलीत. दवाखान्यातून आल्यावर दोघांनी धरून चढवलं. डॉक्टरांनी पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलंय. त्यामुळे पुढचं मला फक्त ऐकू आलं.

साडू म्हणाला, "चला अण्णा, तयारी करा." अण्णा म्हणाले, "मी इथेच आहे." साडू म्हणाला, इथे म्हणजे कुठे? अण्णा म्हणाले, "या खोलीत. खिडकी आहे, उजेड आहे, दार सपाट रस्त्यावर उघडतं. आत्ता सकाळी पेपरवाला येऊन बसला होता. मी परत वर जात नाही, आणि तुमच्या अकराव्यावर तर नाहीच नाही."

मी वरून ओरडलो, ते माझं वर्कशॉप आहे. कुणी ऐकलं नाही. ही म्हणत होती, "खरंच की हो अण्णा. हे आधीच कसं सुचलं नाही?" हिच्या आवाजावरून मला वाटतं, हिला आधीच सुचलं होतं.

५ मार्च

भट्टी मोडली. धुराचा डाग होता तिथे चुना मारला. अण्णांचा पलंग, कपाट, रेडिओ खाली गेला. मला कुणी विचारलं नाही. नाही, विचारलं. हिने वर येऊन विचारलं, "चालेल ना?" आणि मी म्हटलं, तात्पुरतं चालेल.

ऐरण कुणालाही हलवता आली नाही. ती पलंगाशेजारीच आहे. अण्णा तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवतात आणि क्लॅम्पला पिशवी अडकवतात. ते म्हणतात, सोयीचं आहे. माझ्या डिझाइनचा हा उपयोग माझ्या लक्षात आला नव्हता.

७ मार्च

इथून समोरची टाकी दिसते.

खाली दिवसभर वर्दळ. न्हावी, पेपरवाला, अण्णांचे जुने ड्रायव्हर मित्र. हसण्याचे आवाज. मध्येच अण्णा हाक मारतात, "जावईबुवा, या की खाली! बसून उतरा, मी उतरलो तसे!" आणि मग खोलीभर हशा.

त्यांचं वय झालंय, त्यांना शोभतं. मी असा घसरत उतरलो आणि न्हाव्याने बघितलं तर? मी सांगतो, पाय दुखतोय. खरं तर आज फारसा दुखत नव्हता.

ही जेवण वर आणून देते. चार वेळा वर-खाली करून तिचे गुडघे दुखतात, तीही भिंतीला धरूनच चढते. आज ताट ठेवताना मी विचारलं, तेव्हा सांडशी धरायला खरंच येणार होतीस का? म्हणाली, "पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मला शिकायचं होतं."

भात छान झालाय म्हटलं.

९ मार्च, रविवार

साडूला फोन केला. इकडचं तिकडचं बोललो. हवापाणी, मुलांच्या परीक्षा, त्याच्या निसर्गचित्राचंही कौतुक केलं. मग सहज विचारलं, तो रेडीमेड कठडेवाला कोण म्हणालात?

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "उद्याच पाठवतो."

हा कठडा तात्पुरता. पाय बरा झाला की घडीव बसवणार. एक पट्टी तयारच आहे.

१० मार्च, सोमवार

कठडेवाला सकाळी आला, दुपारच्या जेवणाआधी मोकळा. पोकळ पाइप, वर गोल गोळे. माझ्या सौंदर्यदृष्टीला धरून नाही, पण हलवून बघितला, हलत नाही. भोकं सगळी मधोमध.

शर्ट बदलला. केस विंचरले. कुबडी घेऊन जिन्याच्या तोंडाशी आलो. खाली अण्णा आणि त्यांची मंडळी पत्ते मांडून बसली होती. अण्णांनी वर बघून माझ्यासाठी एक जागा मोकळी करून घेतली. मी कठड्याकडे हात नेला.

"हां हां, हात नको!" कठडेवाला खालून ओरडला. रंग ओला आहे. उद्या दुपारपर्यंत कुणी धरायचा नाही.

अण्णांनी पत्ते वाटले. चौघांतच.

मी परत येऊन बसलो आहे.